गल्लीच्या तोंडावरची खोली

घर शोधायला आलेल्या माणसाचं पहिलं वाक्य मला पाठ आहे. "ताई, खोली शांत हवी." सोलमधल्या होंगदेच्या या गल्ल्यांत दर दुसऱ्या तळघरात कराओके आहे, कोपऱ्याकोपऱ्यावर कोणीतरी गिटार घेऊन बसलेलं असतं, आणि इथे येऊन लोक शांतता मागतात. मासळीबाजारात जाऊन अत्तर मागण्यातला प्रकार. मी नाक न मुरडता हो म्हणते, जिची खिडकी शेजारच्या भिंतीकडे उघडते अशी एखादी मागची खोली दाखवते आणि माझी दलाली घेते. माझं नाव बान ओक्जू. सगळे मला बान ताई म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, पण ते इथे सांगायची गरज नाही.

त्या वसंतात प्यो जोंगनिम मावशी माझ्या दुकानात आली. खुर्ची दिली तरी बसली नाही. दारातच उभी राहून तिनं एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकला आणि म्हणाली, "ओक्जू, तुझ्याकडे सगळ्यात गोंगाटाची खोली कुठली आहे?"

"मावशी, चेष्टा करायला आलीस का?"

"चेष्टा करायला मी दोन बस आणि एक मेट्रो बदलून येईन? गोंगाटाची खोली दाखव. जितकी वाईट तितकी चांगली."

जोंगनिम मावशीला गल्लीत न ओळखणारा माणूस नवा तरी असणार नाहीतर खोटं बोलत असणार. गल्लीच्या तोंडाशी तिची खाण्याची गाडी होती. माशाच्या वड्यांचा गरम रस्सा आणि तांदळाच्या पिठाच्या तिखट कांड्या. नाचून घामाघूम झालेली पोरं, प्रेमभंग झालेल्या पोरी, गिऱ्हाईक सोडून आलेले टॅक्सीवाले, सगळे तिच्या गाडीशी उभे राहून खात. कोणी रडायला लागलं तर मावशी म्हणायची, "आधी रस्सा पी, मग रड. खारट पाणी दोन्हीकडून नको." तिचे गुडघे गेले तेव्हा गाडीही गेली. मुलगा थेसिक तिला आपल्याकडे नव्या वसाहतीत घेऊन गेला. तेविसावा मजला, समोर तळं, चालायला रबरी वाट. आम्ही सगळ्यांनी तिला निरोप दिला आणि मनात म्हटलं, सुटली बिचारी.

"सुटले कुठली," ती त्या दिवशी म्हणाली, "अडकले. तिथे आवाजच नाही गं. खिडक्या लावल्या की कानात नुसतं भोंऽऽ होतं. मी रात्रीची उठते, स्वयंपाकघरातून गॅलरीत जाते, गॅलरीतून स्वयंपाकघरात येते. मग खालच्या मजल्यावरून तक्रार. तुमच्याकडे कोणीतरी चालतंय म्हणून. सून बिचारी लिफ्टमध्ये भेटेल त्याची माफी मागते. थेसिकनं घरभर जाड गाद्या अंथरल्या, मला कापसाच्या चपला आणल्या. आता मी आवाज न करता चालते. पण झोप? झोप नाही."

तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. बोलताना ती माझ्या टेबलावरचा स्टेपलर उचलून ठेवत होती, परत उचलत होती. माझा स्वभाव तसा दयाळू नाही, पण मला ते बघवेना.

पुढे मी हिशेब मांडून पाहिला तेव्हा लक्षात आलं, या बाईला शांतता कधी भेटलीच नव्हती. दक्षिणेकडच्या समुद्राकाठी जन्म, सात भावंडांत शेवटची. मिसरूड फुटायच्या वयात पोरं शाळेत जातात, त्या वयात ही सोलला आली आणि केसांचे टोप बनवणाऱ्या कारखान्यात लागली. मुलींचं निजायचं दालन यंत्रांच्या वरच्या मजल्यावर. पाळी बदलली की एकीच्या उबेत दुसरी झोपायची आणि खाली यंत्रं चालूच. मग लग्न झालं ते छापखान्यातल्या माणसाशी, खोलीही छापखान्याच्या मागेच. तो लवकर गेला. मग ही गाडी. तिला आवाजात झोपायची सवय होती असं म्हणणं कमी पडेल. तिला आवाजाशिवाय झोपताच येत नव्हतं.

"अशी एक खोली आहे," मी म्हटलं. "पण मिळणार नाही."

तरी दाखवली. ती होती घरमालक नामगुंग आजोबांच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, नेमकी गल्लीच्या तोंडावर. खाली कराओके, समोर तळलेल्या कोंबडीचं दुकान, शेजारी बिअरच्या पेट्या उतरवायची जागा. एकच खोली, कोपऱ्यात दोन शेगड्यांचा ओटा, पलीकडे न्हाणीघर, दार लावलं की घर संपलं. मी दाराच्या कुलपाचा गुप्त आकडा दाबला, आम्ही चपला काढून आत गेलो. मावशीनं आधी खिडकी उघडली. खालून कोणीतरी बेसूर गात होतं, पेट्या आदळत होत्या, कोंबडीवाला पोरीच्या नावानं ओरडत होता. मावशी भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली. आली तेव्हापासून पहिल्यांदा बसली. आणि तिला जांभई आली. मोठी, डोळ्यांतून पाणी काढणारी.

"हीच," ती म्हणाली.

तेवढ्यावर भागलं असतं तर ही गोष्ट सांगायला मी बसलेच नसते. खरं घोडं अडलं होतं ते नामगुंग आजोबांपाशी.

आजोबा त्याच इमारतीत सगळ्यात वर राहतात. एकटे. पँटला इस्त्री, डोक्यावर टोपी, हातात चंद्राच्या तिथींचं कॅलेंडर. मावशीनं पसंत केलेल्या त्या खोलीत आधी एक म्हातारे गृहस्थ राहत होते, तेही एकटेच. एके दिवशी भाडं आलं नाही म्हणून आजोबा दार उघडून आत गेले, आणि जे दिसायचं ते त्यांना दिसलं. बरेच दिवस झाले होते. त्यानंतर आजोबांनी कानाला खडा लावला. पस्तिशीच्या वरचा भाडेकरू नको. तेव्हापासून ती खोली रिकामी. तरुणांना गोंगाट नको, आजोबांना म्हातारे नकोत.

मी मावशीला हे सगळं सांगितलं. माझ्या धंद्यात ते सांगावंच लागतं, आणि नसतं सांगायचं तरी गल्लीनं सांगितलंच असतं.

"खोलीत माणूस गेलाय, मावशी. भीती नाही वाटणार?"

"मेलेला माणूस शांत असतो ना? तेवढीच काय ती अडचण," ती म्हणाली.

आजोबांकडे शब्द टाकला तर त्यांनी हात झटकले. "बान ताई, तुम्ही माझ्या हितशत्रू आहात का? अडुसष्ट वर्षांची बाई, दोन्ही गुडघे बदललेले. उद्या तिला काही झालं तर दार कोण उघडणार? मी. परत मीच. नाही. त्यापेक्षा खोलीत कबुतरं पाळेन."

"तुमचं वय काय, आजोबा?"

"माझा काय संबंध? मी मालक आहे."

मावशी ऐकेना. रोज यायची. सकाळी दोन बस आणि एक मेट्रो करून दुकानात हजर, संध्याकाळी परत. दिवसभर दुकान ते आजोबांचा जिना, जिना ते दुकान. पायाला भिंगरी लागल्यासारखी. माझं गिऱ्हाईक खोली बघत असलं की मागून म्हणायची, "बाळ, ही घेऊ नकोस, हिच्या भिंतीला ओल आहे." मी डोळे वटारले की स्टेपलर उचलायची. दुकान माझं, पण त्या महिन्यात मीच पाहुण्यासारखी वागत होते.

तिकडून थेसिकचा फोन. मऊ बोलणारा, कंपनीत हिशेब बघणारा माणूस. "बान ताई, तुम्ही आईला आशा लावू नका हो. तिला इथे काय कमी आहे? लोक म्हणतील, एकुलत्या एका मुलानं आईला बाहेर काढलं. एका खोलीत, त्या पोराटोरांच्या गल्लीत."

"तुमची आई झोपत नाही, थेसिक."

"वय झालं की झोप कमी होते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात."

"गोळ्या घेऊन ती माझ्या दुकानात येते आणि माझं डोकं फिरवते. तुम्ही एकदा तिच्याबरोबर येऊन ती खोली तरी बघा."

"सुट्टी मिळाली की येतो," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यावरूनच कळलं की सुट्टी मिळणार नाही.

असं सगळं तुंबलेलं असताना दशमी आली. आमच्याकडे घर बदलायचं ते चांद्र महिन्याच्या नवमी-दशमीला. बाकीचे दिवस पीडा चारी दिशांना फिरत असते. या दोन दिवशी ती वर आभाळात गेलेली असते, खाली माणसं मोकळी. त्या दिवशी सामानाच्या टेम्पोचे भाव दुप्पट होतात आणि तरी टेम्पो मिळत नाही. मग लोक युक्ती करतात. सामान सवडीनं, पण भाताचा कुकर तेवढा शुभ दिवशी आधी नव्या घरात नेऊन ठेवतात. कुकर आत गेला की माणूस राहायला गेलाच असं धरायचं. मोठमोठे शिकलेलेही हे करतात आणि विचारलं तर हसून म्हणतात, आईच्या समाधानासाठी.

दशमीच्या सकाळी मावशी दुकानात आली नाही. मला बरं वाटायला हवं होतं, पण उगीच चैन पडेना. दोनदा दाराबाहेर जाऊन पाहिलं. तिसऱ्यांदा बाहेर पडले तर नामगुंग आजोबा समोरून येताना दिसले. डोक्यावर टोपी नाही. त्यांना टोपीशिवाय मी कधी बघितलं नव्हतं.

"ताई," ते म्हणाले, "खोलीत आहे."

"कोण?"

"तोच. रिकाम्या खोलीत. मी जिना उतरत होतो, आतून आवाज आला. आधी फुसऽऽ झालं. मग बोलला."

"काय बोलला?"

आजोबांनी मागे वळून इमारतीकडे बघितलं. "भात तयार आहे म्हणाला. चांगला ढवळून घ्या म्हणाला."

मला शंका आली, पण मी चेहरा सरळ ठेवला. "आवाज कसा होता? त्या गृहस्थांसारखा?"

"नाही. बाईचा होता."

"मेल्यावर आवाज बदलतो का हो, आजोबा?"

"थट्टा सुचते तुम्हाला? मी लाल चवळी टाकून आलोय. दारापासून जिन्यापर्यंत. घरात होती नव्हती तेवढी सगळी."

लाल चवळी आम्ही भुताला पळवायला टाकतो. तेवढंच नव्हे, नव्या घरात राहायला जातानाही खोलीच्या चारी कोपऱ्यांत टाकतो. हे आजोबांना माहीत होतं, पण पाचावर धारण बसलेल्या माणसाला दोन्ही गोष्टी एकदम आठवत नाहीत.

आम्ही जिना चढलो तर वर मावशी. एका हातात आंबवलेल्या कोबीच्या किमचीचा डबा, दुसऱ्या हातात भाजलेल्या समुद्रशेवाळाचं पाकीट. ती पायऱ्यांवरच्या चवळीकडे बघत उभी होती आणि तिचा चेहरा फुलला होता.

"मालक!" ती आजोबांना म्हणाली आणि कमरेतून वाकली. "तुम्ही स्वतः माझ्यासाठी चवळी टाकलीत? मी तर नुसता कुकर ठेवला होता. म्हटलं आज दशमी आहे, मागाहून परवानगी काढू. आणि तुम्ही घराची पीडासुद्धा काढून ठेवलीत."

आजोबांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. आमच्याकडचे विजेचे कुकर भात झाला की वाफ सोडतात आणि बाईच्या आवाजात तसं सांगतात. दाराचा आकडा मावशीनं माझ्या खांद्यावरून वाचला होता, हे तिथे सांगायची वेळ नव्हती.

"तो कुकर," आजोबा अडखळले, "तो कुकर बाहेर काढा आधी."

"भात शिजलाय की हो त्यात."

 शुभ दिवशी घरात शिजलेला पहिला भात उचलून बाहेर नेणं म्हणजे घराची बरकत हातानं रस्त्यावर ओतणं. आणि घर कोणाचं? आजोबांचं. पीडा पळवायला त्यांनी स्वतःच्या हातानं चवळी टाकली होती, आणि आता घर स्वच्छ होऊन त्यात भात शिजला होता. एवढं जुळून आल्यावर त्यांना कॅलेंडरच्या विरुद्ध जाता येईना. ते पायरीवर बसले. मावशीनं त्यांना भात वाढला, त्यांनी खाल्लाही. खाताना म्हणाले, "किती दिवसांनी कुकरचा भात खाल्ला." ते रोज दुकानातला तयार भात गरम करून खात. हे मला तेव्हा कळलं.

पण आजोबा सहजासहजी हरणाऱ्यातले नव्हेत. करार करायला बसलो तेव्हा त्यांनी खास अट घातली. "रोज सकाळी हा कुकर बोलला पाहिजे. मी न्याहारीच्या वेळी जिन्यात असेन. आवाज आला, तर ठीक. ज्या दिवशी येणार नाही, त्या दिवशी मी दार उघडणार नाही, सांगून ठेवतो. मी थेट मुलाला बोलावणार, आणि मुलगा आईला घेऊन जाईल, जिवंत असली तरी. खोली संपली."

"मंजूर," मावशी म्हणाली.

"आणि वेळ लावून ठेवायची नाही. आपोआप शिजतो तसा नाही. हातानं बटण दाबायचं."

"ते तर झालंच. वेळ लावून ठेवली तर मी मेल्यावरही भात शिजेल. मग तुमच्या अटीचा उपयोग काय?"

माझ्या हातून किती करार झाले त्याची गणती नाही, पण स्वतःच्या गळ्यातला फास स्वतः घट्ट करून देणारी भाडेकरू मी तेव्हाच पाहिली. थेसिकनं फोनवर संमती दिली. अट ऐकून तर त्याला बरंच वाटलं. म्हणाला, "आठवडाभरात परत येईल ती."

मावशी राहायला आली. पायऱ्यांवरची चवळी वेचून, धुऊन तिनं लाल चवळी घालून तांदळाची वडी वाफवली आणि इमारतीत दारोदार वाटली. मला मोठा तुकडा दिला. मी म्हटलं, आता ही झोपेल आणि माझ्या जिवालाही स्वस्थता मिळेल.

झालं उलटंच. काही दिवसांनी ती दुकानात आली ती तशीच. डोळ्यांखाली काळं, हात स्टेपलरवर.

"झोप लागते ना, मावशी?"

"लागायला येते गं. रात्री तो खालचा बेसूर पोरगा गायला लागला की डोळे मिटतात. पण लगेच मनात येतं, सकाळी जाग आली नाही तर? की उठलेच. तांदूळ भिजवून ठेवते आणि कुकरशेजारी बसून राहते. बाहेर उजाडलं की बटण दाबते."

"म्हणजे तिथे झोपत नव्हतीस ते शांततेनं, आणि इथे झोपत नाहीस ते अटीनं."

"तिथे कशासाठी जागी आहे ते कळत नव्हतं. इथे कळतं," ती म्हणाली आणि निघून गेली. मला आजोबांचा असा राग आला की मी तडक त्यांच्या जिन्यात गेले. ते पायरीवर बसले होते. हातात टोपी. दाराकडे कान.

"काय मिळवता हो तुम्ही यातून?" मी म्हटलं. "तुमच्या पायी ती बाई मरेल, आणि मग बसा चवळी टाकत."

"हळू बोला, ताई," ते म्हणाले. "ऐकू येत नाही."

आतून फुसऽऽ झालं. भात तयार आहे, चांगला ढवळून घ्या. आजोबांनी डोळे मिटले, मोठा श्वास सोडला, टोपी घातली आणि वर गेले. त्यांनाही रात्रभर झोप नसणार हे माझ्या लक्षात आलं. माझा राग अर्धा राहिला. उरलेला अर्धा कुठे ठेवावा ते मला कळेना, म्हणून मी दुकानात येऊन दोन गिऱ्हाइकांवर काढला.

असे दिवस जात होते. रोज सकाळी मीही दुकान उघडायच्या आधी त्या जिन्याखालून जायला लागले. आवाज ऐकला की पुढे. काही काम नसताना. तिघांचा जीव त्या भांड्यात अडकला होता.

आणि एका सकाळी आवाज आला नाही.

मी जिन्याखाली थांबले होते. कोंबडीवाल्यानं शटर वर केलं. बिअरची गाडी आली, पेट्या आदळल्या. कुकर बोलला नाही. वर गेले तर आजोबा दारासमोर उभे. चेहरा पांढरा.

"हाक मारली?" मी विचारलं.

"मारली. दार ठोकलं. काही नाही." कुलपाचा आकडा मावशीनं बदलला होता. त्यांनी खिशातून कुलपाची जादा किल्ली काढून माझ्यापुढे धरली. मी घ्यायच्या आधीच ती खाली पडली. "मी सांगितलं होतं ना, ताई. मी सांगितलं होतं की मी उघडणार नाही."

मी थेसिकला फोन केला. तो ऑफिसच्या वाटेवर होता, नदीपलीकडेच. "निघालो," एवढंच म्हणाला. मग मी किल्ली उचलली. खरं सांगते, मला उघडायचं नव्हतं. जोंगनिम मावशीनं आयुष्यात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती आणि ती मी तिला अर्धीमुर्धी दिली होती. हे सगळं माझ्या मनात त्या दारात उभं असताना आलं. मग मी दार उघडलं.

खिडकी सताड उघडी. खालून पेट्यांचा आवाज, हॉर्न, कोंबडीवाल्याच्या शिव्या. ओट्यावर कुकर, झाकण उघडं, आत भिजवलेले तांदूळ. आणि ओट्यालगत जमिनीवर, उशी न घेता, एक हात बटणाच्या दिशेनं टाकून जोंगनिम मावशी पडलेली.

आजोबा माझ्या मागून मोठ्यानं श्वास घेत होते. मग खालच्या सगळ्या गोंधळातून वेगळाच एक आवाज आला. जाड, खरखरीत. मावशी घोरत होती.

आजोबा होते तिथेच चौकटीला टेकून खाली बसले आणि त्यांनी टोपीनं तोंड झाकलं. मी पुढे होऊन तिचा हात सरळ करणार होते, पण तेवढ्यात जिन्यातून धाडधाड पावलं आली. थेसिक. टाय मागे उडालेला, श्वास लागलेला. त्यानं आम्हाला बाजूला सारलं, आत बघितलं, आणि तोंडावर हात ठेवला.

"झोपलीय," मी म्हटलं. "नुसती झोपलीय."

तो नुसता बघतच राहिला. मला वाटलं, आता हा तिला उठवणार, सामान बांधायला लावणार. आजोबा अट पुढे करणार. मी भांडायच्या तयारीत होते.

"मी हिला झोपलेली कधी बघितलीच नाही," थेसिक म्हणाला. इतक्या हळू की मला पुढे वाकावं लागलं. "लहानपणी मी झोपायचो तेव्हा ही गाडीवर असायची. मी उठायचो तेव्हा ही कांदा चिरत असायची. आमच्याकडे होती तेव्हा मी रात्री पाणी प्यायला उठलो की ही कापसाच्या चपला घालून उभी. बान ताई, हिचं तोंड असं उघडं राहतं हे मला माहीतच नव्हतं."

तो जिन्यात आला आणि पायरीवर बसला. रडत होता. मोठा माणूस, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र.

"हिला न्यायचं ना?" मी विचारलं. विचारायलाच हवं होतं. "अट तशी आहे. कुकर बोलला नाही."

थेसिकनं आजोबांकडे बघितलं. आजोबांनी टोपी घातली, परत काढली. मग त्यांनी चपला काढल्या. त्या खोलीत पाऊल टाकणार नाही म्हणून किती दिवस दाराबाहेर बसलेला तो माणूस मोजे घातलेल्या पायांनी, आवाज न करता आत गेला. मावशीला वळसा घालून ओट्यापाशी पोहोचला. कुकरचं झाकण लावलं. कुठलं बटण ते त्यांना कळेना. हातवारे करून त्यांनी मला विचारलं, मी हातवारे करून सांगितलं, लाल. त्यांनी दाबलं. आणि आले तसे बाहेर येऊन आमच्या खालच्या पायरीवर बसले.

 थेसिकनं ऑफिसात फोन करून उशीर होईल म्हणून कळवलं. खाली बेसूर पोरगा तळघरातून बाहेर पडला, वर आमच्याकडे बघून वाकला आणि झोपायला गेला. माझं दुकान उघडायचं राहिलं होतं. राहू दे म्हटलं.

मग आतून फुसऽऽ झालं. भात तयार आहे, चांगला ढवळून घ्या.

काहीतरी सांडलं. धडपड झाली. दार उघडून मावशी बाहेर आली, केस विस्कटलेले, गालावर जमिनीचा वळ. आम्हा तिघांना ओळीत बसलेलं बघून तिचा चेहरा उतरला. "किती उजाडलंय? मालक, माझं बटण दाबायचं राहिलं... थेसिक, तू कसा? मालक, मी नुसती जरा टेकले होते, कुकर..."

"बोलला," नामगुंग आजोबा म्हणाले. "मी स्वतः ऐकला."

मावशीनं त्यांच्याकडे बघितलं. मग मुलाकडे. मुलानं मान हलवली. तिनं दोन्ही हातांनी केस मागे सारले, आणि मग तिचा नेहमीचा आवाज तिला परत सापडला.

"मग असे भिकाऱ्यासारखे पायरीवर काय बसलात?" ती म्हणाली. "आत या. भात निवतोय."